किराणा दुकानाचा आराखडा आणि बँकेचे कोटेशन

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दसरा-पाडवा जवळ आला की तालुक्याच्या गावांत नव्या किराणा दुकानांच्या फिती कापल्या जातात आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत त्यातल्या काही गाळ्यांवर पुन्हा ‘भाड्याने देणे आहे’ची पाटी चढते. खापर ऑनलाइनवर आणि मॉलवर फुटते. त्यांचा वाटा आहेच. पण माल पुरवणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर बहुतेक वेळा दुकान उघडायच्या आधीच पैसा चुकीच्या जागी अडकलेला असतो. कर्ज देण्याची पद्धत त्याला हातभार लावते, म्हणून हे पत्र.

छोट्या धंद्यांसाठीच्या केंद्राच्या मुद्रा योजनेत ‘किशोर’ गटात 5 लाखांपर्यंत कर्ज मिळते. बँक कोटेशन मागते. कोटेशन मिळते काउंटरचे, काचेच्या कपाटांचे, फ्रिजचे, आणि रक्कम थेट त्या विक्रेत्याच्या खात्यात जाते. तूरडाळ-साखरेचे कोटेशन सहसा कोणी मागत नाही. मग दोन-अडीच लाखांचे फर्निचर उभे राहते, अनामत रक्कम जाते, उद्घाटनाचा मंडप होतो आणि फळ्या भरायला लाखभरच उरतो. तीनच प्रकारचे बिस्किट आणि एकाच कंपनीचा चहा पाहून गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही.

हिशेब उलट्या टोकाने मांडायला हवा. समजा दहा बाय वीसचा गाळा आहे. महिन्याला भाडे 8 हजार, एका माणसाचा पगार 13 हजार, वीज अडीच हजार, वाहतूक-हमाली दीड हजार, मालकाच्या घरखर्चाला 15 हजार. झाले 40 हजार. साखर, तेल यांत सुटतात दोन-तीन टक्के, बिस्किट-साबणात आठ-दहा, सुट्या मसाल्यात आणि सुकामेव्यात त्याहून बरे. सरासरी दहा टक्के धरली तरी महिन्याला 4 लाखांची विक्री हवी. म्हणजे रोज साधारण 13,300 रुपये. 130 रुपयांचे सरासरी बिल धरले तर रोज शंभरेक गिऱ्हाईक. गाळा ठरवण्याआधी समोरच्या रस्त्यावर सकाळी 7 ते 10 आणि संध्याकाळी 6 ते 9 उभे राहून हे शंभर लोक कुठून येणार ते मोजावे. दुपारी बारा वाजता गाळा बघून काही कळत नाही.

पुढे माल. 4 लाखांची विक्री म्हणजे खरेदीच्या भावाने 3 लाख 60 हजार. माल वीस दिवसांत फिरला तर दुकानात कायम 2 लाख 40 हजारांचा माल लागतो. विक्रीचा चौथा हिस्सा उधारीत गेला आणि ती पगाराच्या तारखेला वसूल होत असली, तर आणखी लाखभर बाहेर. नव्या दुकानाला वितरक पहिले काही महिने रोखीशिवाय माल टाकत नाहीत. एकूण 3 लाख 40 हजार खेळते भांडवल झाले. पाच लाखांच्या आराखड्यात त्याला जागाच ठेवलेली नसते.

याच आकड्यात एक खाच आहे. महिना 4 लाख म्हणजे वर्षाला 48 लाख. मालाच्या विक्रीसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा 40 लाख आहे आणि त्यात करमुक्त सुट्या धान्याची विक्रीही धरतात. जेमतेम खर्च भागवणारे दुकानही दहा-अकरा महिन्यांत ती ओलांडते. कंपोझिशन योजना, म्हणजे छोट्या व्यापाऱ्याने विक्रीवर ठरावीक दराने कर भरायची सोय, घेतली तर करपात्र विक्रीवर 1 टक्का भरावा लागतो, तोही खिशातून. बिलात लावता येत नाही. दोन टक्के सुटणाऱ्या तेलाच्या पिशवीवर निम्मा नफा तिथेच गेला. हे आधी कळले तर माणूस करमुक्त सुट्या मालाचा वाटा वाढवतो.

परवान्यांचा बाऊ मात्र फार केला जातो. राज्याच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार मोजकेच कामगार असलेल्या दुकानाने व्यवसाय सुरू झाल्यापासून 60 दिवसांत ऑनलाइन सूचना द्यायची, एवढेच. ‘गुमास्ता’ म्हणजे दुकानाचा परवाना ‘काढून देतो’ म्हणून हजारो रुपये घेणारे आजही आहेत. अन्न नोंदणी मात्र पहिल्या दिवसाआधी हवी. तिचा 14 अंकी क्रमांक बिलावर यायला हवा. पाटीवर मराठी देवनागरीत, आणि इतर लिपीपेक्षा लहान अक्षरांत नाही. भाडेकरार नोंदवून घ्यावा आणि विजेचा मीटर व्यापारी आहे ना ते पाहावे. घरगुती मीटरवर दुकान चालवताना सापडल्यास वीज कायद्याच्या कलम 126 खाली दुप्पट दराने आकारणी होते.

सगळ्यात दुर्लक्ष होते ते वजनकाट्याकडे. नवा दुकानदार 30 किलोचा, 5 ग्रॅम फरक दाखवणारा एकच काटा घेतो आणि त्यावर 50 ग्रॅम जिरे तोलतो. काट्यावरच्या पट्टीवर किमान वजन लिहिलेले असते. या जातीच्या काट्याचे ते 5 ग्रॅमच्या वीस पट, म्हणजे 100 ग्रॅम. त्याखालचे वजन भरवशाचे नाही. पंख्याच्या वाऱ्यानेही आकडा हलतो. वेलची-लवंगेत 5 ग्रॅम इकडेतिकडे म्हणजे त्या पुडीचा नफाच गेला. 1 ग्रॅमचा दुसरा छोटा काटा घ्यावा आणि दोन्हींवर वैधमापन खात्याचा शिक्का दरवर्षी मारून घ्यावा. गर्दी वाचवायला रात्री एक-एक किलोची पाकिटे भरून ठेवायची सवयही जपून. अशा पाकिटावर नाव-पत्ता, निव्वळ वजन, किंमत, महिना-वर्ष छापावे लागते. शिवाय लेबल लावलेली 25 किलोपर्यंतची डाळ, तांदूळ, पीठ 5 टक्के करात येतात, सुटे येत नाहीत.

मांडणीला सुतारापेक्षा अक्कल जास्त लागते. पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून वीतभर दूर. उदबत्ती, फिनेल, अंगाचा साबण एका टोकाला. चहा आणि रवा दुसऱ्या टोकाला, कारण चहा वास ओढतो. पावसाळ्यात रवा-बेसन आठवड्याला पुरेल एवढेच भरावे, नाहीतर जाळी धरते आणि ते परत कोणी घेत नाही. ‘डझनावर एक फुकट’वाल्या सेल्समनला आधी विचारावे, तारीख उलटलेला माल परत घेणार का? हो म्हणाला तर बिलावर लिहून घ्यावे.

माणूस उद्घाटनाच्या दिवशी उभा करू नये. आठवडाभर आधी त्याला भाव, पुडी बांधणे, जुना माल पुढे आणि नवा मागे ठेवणे शिकवावे लागते. एक पूर्णवेळ ठेवण्यापेक्षा सकाळ-संध्याकाळचे दोन अर्धवेळ बरे पडतात, कारण दुपारी मालक आणि तो पूर्णवेळ माणूस दोघेही माश्या मारत बसतात. चौदा वर्षांखालचा पोरगा कामाला ठेवणे गुन्हा आहे, ‘ओळखीतला आहे’ म्हणूनही. साप्ताहिक सुट्टी द्यावी. गल्ला मालकाकडे, आणि क्यूआर कोड फक्त दुकानाच्या खात्याचा. रोज रात्री रोख, यूपीआय आणि उधारी यांची बेरीज विक्रीशी ताडून पाहावी. दोन दिवस चुकली की तिसऱ्या दिवशी शोध लागत नाही.

मुहूर्त दिवाळीच्या पाडव्याचाच असेल तर निदान तीन आठवडे आधी शटर उघडावे. दिवाळीच्या तोंडावर बेसन, खोबरे, तेल चढ्या भावाने भरायचे आणि भाऊबीज सरताच थंड बाजारात ते अंगावर घ्यायचे, हा नव्या दुकानाचा पहिला मोठा घाटा असतो.

बँकांना विनंती एवढीच. दुकानाच्या कर्जात फर्निचरच्या मुदत कर्जासोबत मालासाठी कॅश क्रेडिटची, म्हणजे लागेल तसे पैसे काढायच्या-भरायच्या खात्याची, मर्यादाही मंजूर करावी. मुद्रात त्याला आडकाठी नाही. आणि जिल्ह्याजिल्ह्यांतल्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांनी दुकानदारीच्या वर्गात प्रकल्प अहवाल भरून घेण्याआधी रोजच्या गिऱ्हाइकांचा वर दिलेला हिशेब प्रत्येकाकडून त्याच्या स्वतःच्या गाळ्यासाठी करून घ्यावा. शंभराच्या जागी तीस निघाले, तर तो अर्ज तिथेच थांबवावा.

आपला,
एक किराणा माल पुरवठादार, बार्शी