सीमेपलीकडचं स्वस्त पेट्रोल गाडीला चालतं का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नवापूरचं रेल्वे स्टेशन निम्मं महाराष्ट्रात आणि निम्मं गुजरातेत, हे खान्देशात शाळकरी पोरालाही माहीत आहे. पेट्रोलचंही तिथं तसंच आहे. हद्द ओलांडली की लिटरमागे नऊ-दहा रुपये कमी लागतात. म्हणून नवापूर, नंदुरबार, अक्कलकुवा भागातल्या गाड्या टाकी भरायला पलीकडे जातात आणि परत येताना एक शंकाही घेऊन येतात : ‘सस्तं पेट्रोल टाकं ते गाडी बिघडस का?’ गॅरेजवाल्यांची उत्तरं दोन टोकांची असतात. एक म्हणतो, गुजरातचं पेट्रोल हलकं, अॅव्हरेज देत नाही. दुसरा म्हणतो, काही फरक नाही, डोळे झाकून भरा. पहिला साफ चूक आहे. दुसऱ्याचं बरोबर आहे, फक्त डोळे झाकायला नकोत.

स्वस्ताई येते कुठून ते आधी पाहू. पेट्रोल अजून जीएसटीत आलेलं नाही, त्यामुळे प्रत्येक राज्य आपापला व्हॅट लावतं. महाराष्ट्रात २५ टक्के व्हॅट आणि त्यावर लिटरमागे पाच रुपयांच्या घरात उपकर. गुजरातेत १३.७ टक्के व्हॅट आणि ४ टक्के उपकर. फरक सगळा इथंच पडतो. पटत नसेल तर अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्याची दोन टोकं बघा. अक्कलकुव्याकडून गाड्या भरायला बाहेर जातात. रावेरच्या टोकाला उलटं, कारण मध्य प्रदेशातला दर आपल्याहून चढा आहे. शिरपूर तालुक्यात पळासनेरला सेंधव्याकडचे ट्रक आणि मोटारसायकली आपल्या पंपावर थांबतात. गुजरातचं पेट्रोल स्वस्त म्हणून हलकं असेल, तर बऱ्हाणपूरचं महाग म्हणून भारी म्हणावं लागेल. तसं म्हणणारा कुणी भेटत नाही.

मालाचं म्हणाल तर आयएस म्हणजे भारतीय मानकं देशभर एकच आहेत. १ एप्रिल २०२० पासून सगळीकडे बीएस-६ (भारत स्टेज या प्रदूषण-मानकाचा सहावा टप्पा) पेट्रोल आहे आणि त्यात गंधक जास्तीत जास्त १० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत दहा. त्याआधीच्या बीएस-४ मध्ये ते ५० चालायचं. आपल्याकडचा बराचसा माल मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोंतून टँकरने येतो. तिथं तिन्ही सरकारी कंपन्यांचे डेपो आहेत आणि कंपन्या सोयीनुसार एकमेकींच्या टाक्यांतूनही माल उचलतात. पाटी वेगळी असली तरी आतलं मूळ पेट्रोल बहुतेक वेळा सारखंच निघतं. खासगी कंपन्यांचे पंप जामनगर किंवा वाडीनारच्या रिफायनरीचा माल विकत असले तरी मानक हेच. नायरा कंपनीने २०२३ च्या जूनमध्ये सरकारी पंपांपेक्षा लिटरमागे एक रुपया कमी लावला होता, तो गिऱ्हाईक ओढण्यासाठी. पेट्रोलचा कस कमी म्हणून नव्हे.

महागडं पेट्रोल घ्यावं का, हा याच शंकेचा दुसरा भाग. एक्सपी-९५, पॉवर-९५, स्पीड ही नावं पंपावर दिसतात आणि साध्या पेट्रोलहून सात-आठ रुपये जास्त द्यावे लागतात. बीएस-६ मध्ये साध्या पेट्रोलचा ऑक्टेन आकडा किमान ९१ होता. आता २० टक्के इथेनॉल मिसळल्याने तो ९५ च्या घरात गेला आहे, कारण इथेनॉलचा स्वतःचा आकडा शंभरावर आहे. त्यामुळे ९५ साठी वेगळे पैसे मोजण्यातला अर्थ बराच कमी झाला. ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे, नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटून इंजिन खडखडणं) न होऊ देण्याची क्षमता. ज्या गाडीच्या पुस्तिकेत ९१ लिहिलंय, तिला १०० चं पाजलं तरी पिकअप वाढत नाही. प्रीमियममध्ये खरी जमेची बाजू म्हणजे इंजेक्टर (इंजिनात पेट्रोलचा फवारा मारणारा भाग) साफ ठेवणारं रसायन, आणि ते वेगळ्या बाटलीतही मिळतं. टर्बो आणि थेट सिलिंडरमध्ये फवारा मारणारं इंजिन असेल, तर पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हला (हवा आत घेणाऱ्या झडपेला) लागतच नाही. मग कितीही महागाचं भरलं तरी व्हॉल्व्हवरचा कार्बन धुतला जात नाही.

तेव्हा प्रश्न पेट्रोलच्या दराचा नाही, पंपाच्या निगराणीचा आहे. डेपोतून निघालेला माल चांगला असतो. तो बिघडतो टँकरमध्ये, पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत, किंवा बाटलीतून विकणाऱ्याच्या हातात.

आजच्या पेट्रोलचा सगळ्यात मोठा शत्रू पाणी. पूर्वी रॉकेलची भीती होती, आता पावसाळ्याची आहे. टाकीच्या झाकणाची रबरी पट्टी झिजलेली, मॅनहोलमध्ये पाणी साचलेलं, आणि वर जोराची सर. साध्या पेट्रोलात पाणी तळाशी बसायचं आणि पंपवाला काठीला पेस्ट लावून ते ओळखायचा. इथेनॉलचं वागणं निराळं. ते लिटरमागे काही मिलिलिटर पाणी आपल्यात जिरवून घेतं, तोवर गाडीला कळतही नाही. मर्यादा ओलांडली की ते पेट्रोलला सोडतं आणि पाण्याला धरून तळाला जातं. गाडीचा फ्यूएल पंप तळातूनच ओढतो, म्हणजे इंजिनाला आधी जातं ते पाणी-इथेनॉलचं मिश्रण. वर उरलेल्या पेट्रोलातलं इथेनॉल गेल्याने त्याचा ऑक्टेनही उतरलेला असतो. गाडी पंपापासून किलोमीटर-दोन किलोमीटरवर मिसिंग करू लागते, आचके देते, बंद पडते.

असं झालं तर सेल्फ मारत बसू नका. जितका सेल्फ माराल तितकं पाणी इंजेक्टरपर्यंत पोचतं. टाकी पूर्ण उपसावी. कारमध्ये पंप बहुधा मागच्या सीटखालच्या झाकणातून निघतो. फ्यूएल फिल्टर धुऊन चालत नाही, बदलावाच लागतो. पाचेक लिटर ताजं पेट्रोल टाकून किल्ली तीन-चार वेळा फक्त ऑन-ऑफ करावी, म्हणजे लाइनमध्ये दाब तयार होतो, मग सुरू करावी. तरीही आयडलिंगला थरथरत असेल तर प्लग काढून पुसावेत आणि इंजेक्टर साफ करून घ्यावेत. उपसलेलं पेट्रोल फेकू नका. त्यातलं पाव लिटर काचेच्या बाटलीत घालून उन्हाआड तासभर ठेवा. खाली गढूळ थर दिसला तर पंपवाल्याशी बोलायला तोच पुरावा. सोबत बिल हवं, आणि बिल मागायची सवय आपल्याकडे कमी आहे.

पेट्रोलात इथेनॉल किती, तेही पाहता येतं. बूच असलेला १०० मिलिलिटरचा मापनळा घ्या. त्यात १० मिलिलिटर पाणी आणि ९० मिलिलिटर पेट्रोल. हलवा, मधून बूच सैल करून वाफ जाऊ द्या, दहा मिनिटं उभा ठेवा. इथेनॉल पाण्यात उतरतं. खालचा थर २८ च्या आसपास आला तर पेट्रोलात २० टक्के आहे. ३५ च्या पुढे गेला तर इथेनॉल जास्त आहे किंवा आधीच पाणी शिरलंय. हे मोकळ्या हवेत, विडी-काडीपासून लांब करायचं, हे वेगळं सांगायला नको.

भेसळीचं सांगायचं तर पानेवाडीचं नाव घेताना २५ जानेवारी २०११ आठवतो. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तेलमाफियांनी भर दिवसा जाळलं, ते याच परिसरात. तेव्हा रेशनचं निळं रॉकेल मुबलक होतं. आता ते मिळणंच दुर्मिळ झालंय, म्हणून धोका मुख्यतः सॉल्व्हंटचा, म्हणजे कारखान्यांत वापरायच्या द्रावकांचा. रॉकेलचा ऑक्टेन पेट्रोलच्या पासंगालाही पुरत नाही. चढावर, तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये इंजिन खडखडतं, प्लग काजळतो, रॉकेल इंजिन ऑइलमध्ये उतरून ते पातळ करतं. फिल्टर पेपरची चाचणी हे पकडते : नोझलचं तोंड पुसून पेपरवर एक थेंब टाका, दोन मिनिटांत उडून जायला हवा. तेलकट काळसर डाग उरला तर जड तेल मिसळलंय. फिकट गुलाबीसर छटा उरली तर घाबरू नका, तो रंग असतो. पेपर पंपावर मागितला की द्यावा लागतो. मात्र हलकं सॉल्व्हंट किंवा पाणी या पेपरला सापडत नाही, हे लक्षात असू द्या.

घनतेवरून होणारी भांडणं तर हमखास. पंपाच्या फलकावर ७५२ (घनमीटरला किलो) लिहिलेलं असतं आणि गिऱ्हाइकाच्या समोर जारमध्ये काटा ७३६ दाखवतो. लगेच ‘भेसळ, भेसळ’ म्हणून व्हिडिओ सुरू. फलकावरचा आकडा १५ अंश तापमानाचा असतो. पेट्रोल एक अंश तापलं की घनता पाऊण ते एक एककाने उतरते. जारमधलं पेट्रोल ३३ अंशांचं असेल तर सोळा-सतराचा फरक पडणारच. भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात तर थर्मामीटर न बुडवता काटा वाचणं म्हणजे निव्वळ अंदाजपंचे. रीत अशी : ५०० मिलिलिटरच्या जारमध्ये हायड्रोमीटर (घनता मोजणारी तरंगती नळी) आणि थर्मामीटर दोन्ही, वाचन सावलीत, मग पंपावरच्या तक्त्यावरून १५ अंशांचा आकडा काढायचा. हा आकडा टँकरच्या चलनावरच्या आकड्यापेक्षा तीनहून जास्त वर किंवा खाली गेला, तरच तक्रारीला जागा आहे. मानकात ७२० ते ७७५ ही सगळी पट्टी बसते, त्यामुळे शेजारच्या पंपावर ७४५ आणि इथं ७५२ म्हणून एक चांगला आणि दुसरा वाईट ठरत नाही.

मापाची शंका असेल तर पाच लिटरचं शिक्कामोर्तब केलेलं माप मागा. ते आधी पेट्रोलने ओलं करून रिकामं करतात, सपाट जागी ठेवतात. पाच लिटरमागे २५ मिलिलिटरपर्यंत कमी-जास्त चालतं. वैधमापन विभागाच्या शिक्क्यावरचं वर्ष बघायला विसरू नका.

आता सीमेवर जाण्याचा हिशेब. कारमध्ये ३० लिटर भरले आणि लिटरमागे साडेनऊ रुपये वाचले, तर २८५ रुपये होतात. पंधराच्या अॅव्हरेजला किलोमीटरला सात रुपये पडतात, म्हणजे येऊन-जाऊन ४० किलोमीटरमध्ये बचत संपते. मोटारसायकलला आठ लिटरमागे ७६ रुपये वाचतात आणि पन्नासच्या अॅव्हरेजला तेही साधारण तेवढ्याच अंतरात उडतात. हद्द वीस किलोमीटरच्या आत असेल, किंवा तिकडे काम असेलच, तर भरा. धुळ्याहून मुद्दाम जाणाऱ्याला ते परवडत नाही. कॅनमध्ये भरून आणण्याबद्दल मात्र कडक बोलावं लागेल. १९३४ चा पेट्रोलियम कायदा विनापरवाना, तेही विक्रीसाठी नसलेलं, ३० लिटरपर्यंतच ठेवू देतो. डबा धातूचा, घट्ट झाकणाचा आणि २५ लिटरच्या आतला हवा. प्लॅस्टिकची कॅन त्यात बसत नाही. डिकीत उन्हात तापलेली अर्धवट भरलेली कॅन काय करू शकते, ते सांगायला कायदा लागत नाही. धडगाव-अक्कलकुव्याच्या रस्त्यांवर टपरीत लटकणाऱ्या बाटल्या तर स्वस्तही नसतात. उन्हात राहिलेलं पेट्रोल आधी हलका भाग गमावतं, मग सकाळी गाडी लवकर सुरू होत नाही.

एप्रिल २०२३ पूर्वीच्या गाड्यांसाठी थोडं अधिक. त्यांचं रबर २० टक्के इथेनॉलसाठी बनलेलं असेलच असं नाही. जुन्या कार्बोरेटरच्या मोटारसायकलींत फ्लोटची सुई, ओ-रिंग आणि पेट्रोलचा पाइप फुगतो किंवा कडक होतो. ओव्हरफ्लो सुरू झाला की हेच आधी बघा. शिवाय इथेनॉल टाकीतला जुना गाळ सोडवतं आणि तो फिल्टरमध्ये, जेटमध्ये येऊन बसतो. म्हणून फिल्टर एकदा लवकर बदलावा. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्बोरेटरच्या खालच्या स्क्रूने वाटी रिकामी करावी. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर अॅव्हरेज किती घटतं, याचे नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात आकडे आहेत : मूळ साध्या पेट्रोलसाठी बनवून १० टक्के इथेनॉलसाठी जुळवलेल्या कारला ६ ते ७ टक्के घट, तशाच दुचाकीला ३ ते ४ टक्के. १० टक्क्यांसाठी बनवून २० टक्क्यांसाठी जुळवलेल्या कारला १ ते २ टक्के. गुजरातचं पेट्रोल अॅव्हरेज देत नाही ही तक्रार बहुधा इथूनच उगवते. तेच पेट्रोल आपल्या गल्लीतल्या पंपावरही आहे.

पंप निवडताना गर्दीचा निवडा, तिथं माल टाकीत पडून राहत नाही. टँकर रिकामा होत असेल तर तासाभराने भरा, तोवर ढवळलेला गाळ खाली बसतो. नोझलने आपोआप कट दिला की वर काठोकाठ ओतायला लावू नका. उन्हाळ्यात पेट्रोल प्रसरण पावतं आणि जास्तीचं पेट्रोल वाफ शोषणाऱ्या कार्बन डब्यात जाऊन तो खराब करतं. काही वावगं दिसलं तर पंपावरच्या तक्रारवहीत वेळ, नोझलचा क्रमांक आणि बिलाचा क्रमांक लिहा. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

आपला,
वाहनदुरुस्ती व्यवसायातील एक वाचक,
शहादा, जि. नंदुरबार