मनू, बोट आमच्यासाठी घेऊ नकोस

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

तीस फुटी घेऊ की बावीस फुटी, म्हणून तू पाठवलेले दोन्ही शिडाच्या बोटींचे फोटो टीव्हीवर लावून पाहिले. तीस फुटीतला ओटा, शेगडी आणि संडास बघून आई हरखली. पण खाली तू लिहिलंयस, "तुम्ही आलात की आत ताठ उभं राहता येईल." तिथे मी अडकलो. अगं, आम्ही तीन वर्षांतून एकदा येणार, त्यात तुझ्या आईला दाभोळच्या तरीतसुद्धा मळमळतं. आमचं डोकं छताला आपटू नये म्हणून दहा हजार पौंड वजनाचं धूड पोसू नकोस.

आजोबांच्या दोन होड्या होत्या. लहान होडी दोघं जण पुळणीवरून ओढत न्यायचे, ती रोज पाण्यात. मोठीला आठ जण लागायचे आणि सातच यायचे. शेवटी शेवटी तिच्या सावलीत कोंबड्या बसायच्या. तुझ्याकडे ते आठ जण म्हणजे क्रेन, धक्क्याचं भाडं, हिवाळ्यात बाहेर काढणं, बुडाचा रंग. शिवाय तुझी ती तीस फुटी जवळजवळ अकरा फूट रुंद. साडेआठ फुटांवर गेलं की रस्त्यावर खास परवाना लागतो, म्हणजे तुझ्या गाडीमागे ती कधीच येणार नाही.

मला खरी काळजी पाण्याच्या खोलीची. तुमच्या अमेरिकेतल्या चेसापीक उपसागराची सरासरी खोली २१ फूट आणि तुला आवडतात त्या आतल्या खाड्या तर फारच उथळ. तीस फुटीची कील, म्हणजे बुडाखालचा तो जड पंखा, पाण्यात सव्वापाच फूट खाली जाते. आपल्याकडे होडी रुतली तर विडी पेटवून बसायचं, भरतीला पुरुषभर पाणी चढतं आणि होडी आपसूक सुटते. त्या उपसागराकाठच्या ॲनापोलिसला भरती-ओहोटीत फरक जेमतेम फूटभर. तुला कोण उचलणार? त्या बावीस फुटीची, कॅटालिना-२२ ची, कील हँडल फिरवून वर घेतलीस की दोन फूट पाणी पुरे.

आता लहानीची खोडही ऐक. तुझी गाडी ३,५०० पौंड ओढते म्हणालीस. नुसती बोटच २,३०० च्या आसपास. त्यावर ट्रेलर, इंजिन, नांगर, पेट्रोल आणि तुझा तो बर्फाचा डबा! काटा करून बघ, मग बोल. डोलकाठी उभी करून तारा ताणेपर्यंत तास जातो, परत उतरवायला तेवढाच. असे चार रविवार गेले की हौस फिटेल. काही ठिकाणी डोलकाठी उभी ठेवून ट्रेलरसकट बोट ठेवायला जागा भाड्याने मिळते, ती आधी शोध. धक्क्यापेक्षा स्वस्त पडावी. आणि जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी ढग काळवंडले की काठ गाठायचा, तिथे बावीस फुटीने मर्दुमकी दाखवायची नाही.

सौदा करण्याआधी कील उचलणारी तार आणि तिची खीळ स्वतः वाकून बघ. तार गंजून केसाळ झाली असेल, बोटाला टोचत असेल, तर ती बदलण्याचे पैसे किमतीतून कापून घे. बाकी रंगरंगोटीला भुलू नकोस. आणि डोलकाठी उभी करण्याआधी दर वेळी वर बघायचं. ॲल्युमिनियमची काठी विजेच्या तारेला लागली तर सांगायला कोणी उरत नाही.

आई म्हणते, ती काठावर खुर्ची टाकून बसेल. तू तिच्या समोरून एक फेरी मार, शीड पूर्ण उघडून.

तुझे
बाबा