शनिवारी निघण्याआधी

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

फ्रान्समध्ये बोर्दोहून सार्ला गावाला स्वतः गाडी चालवत जाणार म्हणालीस, तेव्हा परवा फोनवर माझा आवाज चढला. "आई, मला येतं," म्हणालीस, आणि ते खोटं नाही. लक्ष्मी रोडवर तू माझ्यापेक्षा बरी चालवतेस. म्हणून गाडीचं एकदाच लिहिते आणि सोडते. बोर्दोहून सार्लाला थेट ट्रेन आहे, अडीच-पावणेतीन तासांत. झालं, सोडलं.

नऊच्या आत पोचा आणि कार गावाबाहेरच लावा. शनिवारी जुन्या गावात बाजार असतो, खाण्याच्या मांडण्या एकच्या सुमारास आवरतात. काबेकू घे, शेळीच्या दुधाच्या चीजची पेढ्याएवढी चपटी टिकली. वर सुरकुतलेली साल धरलेली बघून घे, ती मुरलेली असते. तू सहा वर्षांची असताना अशीच एक बाबांच्या खिशात लपवली होतीस. तो निळा शर्ट शेवटी पुसायला गेला. आक्रोडाचं तेल घेतलंस तर तापलेल्या डिकीत ठेवू नकोस, खवट होतं.

मेनूत 'पोम सार्लादेझ' दिसेल. लसूण-पार्सली घातलेल्या बटाट्याच्या काचऱ्याच त्या, पण बदकाच्या चरबीत परतलेल्या. बटाटा म्हणजे शाकाहारी असं धरू नकोस, विचार. ऑम्लेटचंही तेच. जेवायला बारा ते दीडमध्ये बसा. दोननंतर स्वयंपाकघर बंद होतं, मग सातपर्यंत आइस्क्रीमवर काढावं लागतं. पाणी 'कराफ दो' म्हणून माग, ते नळाचं, फुकट. नुसतं पाणी म्हटलंस तर बाटली येते, आणि बिलातही. वाईन जो घेईल त्याच्या हातात चावी नको.

बघ, आलेच परत.

तिकडे उन्हाळ्यात घड्याळ इतकं पुढे असतं की सूर्य डोक्यावर येतो तो दोनला. खरी काहिली चार ते सहा. म्हणून दुपारी मोंतिन्याक गावात लास्कोची, आदिमानवाच्या चित्रांची गुहा बघा. मूळ गुहा 1940 मध्ये सापडली आणि लोकांच्या श्वासाने चित्रं बिघडायला लागली म्हणून 1963 मध्ये बंद केली. आता बघायची ती 2016 ची हुबेहूब प्रतिकृती. वेळेचं तिकीट आधीच काढ. आत गार असतं, ओढणी ठेव. ला रोक-गाजाक संध्याकाळी. ते गाव दक्षिणेकडे तोंड करून कड्याला चिकटलंय, दुपारी तो कडा तव्यासारखा तापतो. नदीतून होडीने दिसतं तसं रस्त्यावरून दिसत नाही.

आता ऐकच. पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला, मग तो शेतातल्या बोळातून का येईना. पिवळ्या चौकोनाची पाटी असेपर्यंत हक्क तुझा. तिच्यावर काळी रेघ दिसली की संपला. गावाच्या नावाची लाल कडेची पाटी म्हणजेच वेगमर्यादा 50, वेगळा आकडा लिहीत नाहीत. चूक गर्दीत होत नाही. पेट्रोल भरून रिकाम्या रस्त्यावर निघालं की हात आपोआप डावी बाजू धरतो. शेजारच्याला दर वेळी मोठ्याने "उजवीकडे" म्हणायला लाव. हसू देत.

फार झालं का? चिडू नकोस. राजूमामाचा रस्ताही रिकामाच होता.

रात्री पावणेदहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे थकवा कळत नाही. मुक्कामाला राहिलात तर पैसे मी देते.

तुझी,
आई

ता.क. लायसन्सचं मूळ कार्ड जवळ हवं, डिजिलॉकर तिथे चालत नाही. सापडत नसेल तर ट्रेन आहेच.