दुधीने डिकी उघडली, बिल माझ्या नावावर

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीत गाडीची ‘स्मार्ट किल्ली’ (बटणांची, रिमोटवाली) कशी सांभाळावी यावर अर्धं पान छापून आलं आहे. सकाळी चहाबरोबर वाचलं. दुपारी पुन्हा वाचलं, कारण घाईत आपल्याच नजरेतून काही सुटलं असेल असं वाटलं. सुटलं नव्हतं. किल्ली पँटच्या खिशात ठेवू नका, सुट्या पैशांबरोबर ठेवू नका, तिच्यावर वजन पडू देऊ नका, तिला चांगलं कव्हर घाला. जितक्या सूचना आहेत तितक्या गाडी घेणाऱ्याला. गाडी बनवणाऱ्याला एकही नाही. सुरुवातीला १९८२ सालच्या रेनॉ फ्युएगोपासूनचा रिमोटचा इतिहास दिला आहे, तो मला माहीत नव्हता, त्याबद्दल मनापासून आभार. फक्त एवढ्या चाळीस वर्षांत बटण चुकून दाबलं जाऊ नये म्हणून काय सुधारणा झाली, तेवढं त्या इतिहासात राहून गेलं.

पँटच्या खिशाचा सल्ला मला लागू नाही. साडीला खिसा नसतो, आणि पंजाबी ड्रेसला खिसा लावून मागितला तर शिंपी असं बघतो की जणू मी चिलखत शिवायला टाकलंय. माझी किल्ली पर्समध्ये असते. तिथेच चष्म्याचं घर, घडीची छत्री, पाण्याची बाटली आणि नातवाची कसली कसली खेळणी असतात. आपल्या लेखकांनी किल्ली ‘मोकळ्या, वेगळ्या कप्प्यात’ ठेवायला सांगितलं आहे. त्यांनी एकदा कुठल्याही बाईच्या पर्समध्ये हात घालून तो मोकळा कप्पा शोधून दाखवावा.

आता जे झालं ते सांगते. कोथरूडमध्ये ज्यांच्या जुन्या सोसायट्या पाडून नव्या झाल्या, त्यांना पझल पार्किंग म्हणजे काय हे सांगायला नको. इतरांसाठी: लोखंडी फळ्यांवर, म्हणजे पॅलेटवर, गाड्या एकावर एक ठेवायच्या आणि मशीनने वर-खाली, आजूबाजूला सरकवायच्या. माझी गाडी खालच्या पॅलेटवर, डोक्यावर शेजाऱ्यांची. मधे हातभर जागा. गाडीची डिकी विजेवर आपोआप उघडणारी. घेताना शोरूममधल्या मुलाने ती मला इतक्या वेळा उघडून-मिटून दाखवली की गाडी डिकीसाठीच घ्यायची असते असं वाटावं. तिचं बटण किल्लीवर आहे आणि ते क्षणभर दाबून धरलं की डिकी वर जाते.

संध्याकाळी भाजी घेऊन आले, गाडी लावली, घरी आले. घर पहिल्या मजल्यावर, पार्किंगच्या बरोबर वर. पर्स जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि भाजीची पिशवी तिच्या शेजारी. पिशवी कलंडली ती पर्सवर. पिशवीत चांगला दणदणीत दुधी होता. मी पाणी प्यायला आत गेले असेन तेवढ्यात इंटरकॉम वाजला. आमच्या वॉचमनचा आवाज: “काकू, तुमच्या गाडीची डिकी वरच्या प्लेटला जाऊन भिडलीय. मी मशीन बंद ठेवलंय, आधी खाली या.”

वरच्या रांगेतल्या कुणाला तरी बाहेर जायचं होतं, त्यांची गाडी खाली आणायची होती. बटण दाबायच्या आधी या माणसाने सगळ्या पॅलेटवरून एकदा नजर फिरवली. सेन्सर असतात, मशीन आपोआप थांबतं, असं बिल्डरने आम्हाला सांगितलं आहे. तरी तो आधी बघतो. त्याला पगार किती मिळतो ते मी इथे लिहीत नाही, सोसायटीचीच लाज जाईल.

डिकीची वरची कड चेपली, वरचा स्पॉयलर तडकला. काच वाचली. ‘अँटी-पिंच’ नावाची सोय आहे म्हणे, अडथळा लागला की डिकी थांबते. थांबली ना. लागल्यावर थांबली.

दुसऱ्या दिवशी सर्व्हिस सेंटरला गेले. कुठल्या कंपनीचं ते लिहीत नाही, कारण इतर कंपन्यांची तऱ्हा वेगळी असेल असं मानायला मी तयार नाही. तिथला सल्लागार मुलगा फार नम्र. “मॅडम, बटण दाबल्याशिवाय डिकी उघडतच नाही.” बरोबर आहे. पुढे म्हणाला, “आणि अनलॉक झाली तरी काळजी नाही, दार उघडलं नाही तर अर्ध्या मिनिटात ती आपोआप लॉक होते.” दारं होतात हो, पण उघडलेली डिकी खाली येते का? यावर त्याने बराच वेळ टॅबमध्ये काहीतरी शोधलं आणि विचारलं, “सर येणार आहेत का सोबत? त्यांना समजावून सांगितलं असतं.”

आमच्या सरांना गाडी चालवता येत नाही. शिकायची इच्छाही नाही. गाडी माझ्या पैशाची, आरसी बुकावर नाव माझं, लायसन्स माझं, आणि समजावणार कुणाला तर सरांना! आता हे मी त्या मुलावर काढणार नव्हते, पण काल आपल्याच पानावर मोठं छायाचित्र बघितलं. हातात किल्ली धरून उभा असलेला पुरुष, आणि बाजूच्या सीटवर हसत बसलेली बायको. संपूर्ण लेखात ‘चालकाने त्याच्या’, ‘त्याच्या खिशात’. पुण्यात बायका गाडी चालवतात ही बातमी आपल्या कार्यालयापर्यंत पोचली नसेल तर हे पत्र तिची पोच समजावी.

असो. विम्याचा क्लेम केला नाही. माझा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट) पन्नास टक्क्यांवर आलेला आहे, म्हणजे त्याच्या वर पायरीच नाही; एका चेपलेल्या कडेसाठी तो घालवणं परवडेना. पैसे खिशातून गेले (खिसा नाही तरी). बिल देताना त्याच नम्र मुलाने सांगितलं की डिकी किती उंच उघडावी हे ठरवता येतं. हवी तिथे थांबवायची आणि डिकीवरचं बटण काही सेकंद दाबून ठेवायचं, की तेवढीच उंची लक्षात राहते. विकताना डिकीचा एवढा नाच केलात, तेव्हा हे वाक्य कुठे होतं? पुण्या-मुंबईत अर्धी जनता पझल पार्किंगमध्ये गाड्या लावते हे शोरूमला माहीत नाही का? आणि आपल्या अर्ध्या पानातही ही एक कामाची गोष्ट नाही. कव्हर आहे. त्या कव्हरबद्दल सांगायचं तर, सिलिकॉनच्या कव्हरवर बटणांचे उंचवटे असतात. ते कशाने कमी दाबले जाणार?

माझं म्हणणं एवढंच आहे. माझ्या पुतण्याकडे ऑटोमॅटिक गाडी आहे. तिचं इंजिन किल्लीवरून सुरू करता येतं. पण त्यासाठी आधी लॉकचं बटण दाबायचं, मग लगेच दुसरं बटण दाबून धरायचं. दोन बटणं, ठरलेल्या क्रमाने. इंजिन चुकून सुरू होऊ नये, याचा विचार कुणीतरी नीट बसून केला आहे. म्हणजे अक्कल आहे. ती डिकीपर्यंत पोचलेली नाही. ‘दाबून धरा’ ही अट बोट चुकून लागलं तर उपयोगी, बोट निसटतं. वजन बसून राहतं. दुधीला कुठे जायची घाई आहे? तो क्रम मात्र कुठल्याही भाजीला जमणार नाही.

आणि हे एकट्या डिकीचं नाही. माझ्या नणंदेच्या गाडीत अनलॉकचं बटण दाबून धरलं की चारही काचा खाली येतात, उन्हात तापलेली गाडी बसायच्या आधी निवावी म्हणून. नणंद चिपळूणला असते. जुलैत एका रात्री किल्ली उशीखाली गेली आणि सकाळपर्यंत गाडी आतून धुऊन निघाली. कार्पेट सुकवायला दिवाळी उजाडली असं ती म्हणते. तिची अतिशयोक्ती सोडून द्या, वास अजून आहे.

आमच्याच सोसायटीत एकाच्या किल्लीवर गाडी शोधायचं बटण आहे. गर्दीच्या पार्किंगमध्ये आपली गाडी सापडावी म्हणून ती हॉर्न वाजवते, दिवे लावते. गृहस्थ किल्ली खिशात ठेवूनच सोफ्यावर झोपतात आणि कुशीवर वळले की खाली गाडी बोंबलते. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत २०१० साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा हॉर्न वाजवायला बंदी आहे, सार्वजनिक आणीबाणी वगळता. निवासी भागासाठी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल. मग रात्री स्वतःहून हॉर्न वाजवणारी सोय बनवून विकायला हरकत कशी नाही? दंड झालाच तर तो झोपलेल्या माणसाला होणार. किमान रात्री नुसते दिवे लागावेत एवढं तर गाडीतल्या घड्याळाला कळू शकतं.

आपल्या लेखातली एक सूचना मात्र शंभर टक्के मान्य: किल्ली लहान मुलांच्या हाती देऊ नका. पण कारण ‘बटणं खराब होतात’ असं दिलं आहे. बटणं गेली खड्ड्यात! आत सीआर २०३२ नावाचा तीन व्होल्टचा चपटा सेल असतो. मुलाने तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आत गंभीर भाजल्यासारखी जखम होऊ शकते. लगेच हॉस्पिटल गाठावं लागतं, ‘पडेल बाहेर’ म्हणून वाट बघायची नसते. हे ठळक अक्षरांत छापायला हवं होतं. कृपया चूक-दुरुस्तीत तरी छापा, लेखकाचा मान राखून.

आणि पुढच्या मंगळवारच्या पुरवणीत कुठल्याही गाडी कंपनीच्या अधिकाऱ्याची मुलाखत घेणार असाल, तर एक प्रश्न माझ्या वतीने विचारावा: इंजिनाला दोन बटणं आणि डिकीला एकच, असं का? उत्तर ‘ग्राहकांनी काळजी घ्यावी’ असं आलं तर छापू नका, ते काल वाचून झालं आहे.

आपली,
एक नियमित वाचक (आणि गाडीची मालकीण)
कोथरूड, पुणे