बाबा, मी जागी होते

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

परवा फोन ठेवता ठेवता बाबा म्हणाले, "तू अशी घाबरट झालीस ती माझ्यामुळेच. आम्हाला कुठे काय कळत होतं तेव्हा!" मी काही बोलायच्या आत त्यांनी आईच्या गुडघ्यांचा विषय काढला. चार दिवस झाले, ते वाक्य मनातून जात नाही. फोनवर धड उत्तर देता आलं नसतं, म्हणून लिहिते आहे.

बाबा, "छे हो, तसं काही नाही" म्हणून तुमची समजूत काढता आली असती. पण ते खरं नाही, आणि तुम्हाला पटलंही नसतं.

तुम्ही माझ्यावर कधी हात उगारला नाहीत, आवाजही फारसा चढवला नाहीत. राग आला की तुम्ही बोलायचेच थांबायचात. कधी एक दिवस, कधी तीन. घरात सगळं नेहमीसारखं चाललेलं असायचं, फक्त तुमचा चेहरा बंद. मी सात-आठ वर्षांची असेन. चित्रकलेची वही घेऊन तुमच्या खुर्चीभोवती घुटमळायचे, न सांगता तुमचा चष्मा पुसून ठेवायचे, तुम्हाला ऐकू जावेत म्हणून पाढे मोठ्याने म्हणायचे. जिन्यावरच्या पावलांवरून आज काय रंग आहे ते ओळखायला शिकले. ते अजून सुटलेलं नाही. ऑफिसात साहेब जरा गप्प दिसले की आपलं काय चुकलं याची उजळणी सुरू होते. नवरा दमून येऊन नुसता शांत बसला, तरी मी तीनदा विचारते, "रागावलायस का?"

चिऊ झाल्यापासून मी या विषयावर मिळेल ते वाचते आहे. एडवर्ड ट्रॉनिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात एक प्रयोग केला. आई तिच्या काही महिन्यांच्या बाळाशी हसत-खेळत असते. मग थोडा वेळ ती बाळाकडे नुसती बघत राहते, चेहऱ्यावरची रेषही न हलवता. बाळ आधी हसून बघतं, हातवारे करतं, आवाज काढतं. काही केल्या चेहरा हलत नाही म्हटल्यावर मान फिरवतं, रडकुंडीला येतं. मी त्याची चित्रफीत बघायला बसले आणि अर्ध्यावर बंद केली. मला माझी ती वही आठवली.

दुसऱ्या दिवशी उरलेली पाहिली. प्रयोगाला तिसरा भागही आहे. आई पुन्हा बोलायला लागते, बाळ जरा कुरकुरतं, आणि मग हळूहळू रुळतं. ट्रॉनिक यांना असंही दिसलं की ज्यांचं छान जमतं अशा आई-बाळांचा सूरसुद्धा जेमतेम ३० टक्के वेळ जुळलेला असतो. उरलेला सगळा वेळ चुकामूक आणि पुन्हा जुळवाजुळव. बिघडलेलं नीट होतं, हे बाळाला त्या जुळवाजुळवीतूनच कळतं.

तुमच्या अबोल्यालाही तिसरा भाग होता, बाबा. तुम्हाला आठवतो की नाही, कोण जाणे. मी चौथीत होते. तुमचं घड्याळ माझ्या हातून पडून फुटलं होतं आणि घरात तीन दिवस तुमचा शब्द नव्हता. तिसऱ्या रात्री दिवे गेल्यावर तुम्ही माझ्या अंथरुणाशी येऊन बसलात. "झोपलीस?" मी डोळे घट्ट मिटून घेतले. मग तुम्ही हळू आवाजात म्हणालात, "घड्याळाचं काही नाही गं. कामावरचा राग होता, तुझ्यावर निघाला. माझं चुकलं." आणि माझ्या पाठीवर हात ठेवून बराच वेळ बसून राहिलात.

मी जागी होते, बाबा. हे इतक्या वर्षांत सांगितलं नाही. तुम्हाला वाटलं असेल, तुमचं बोलणं वाया गेलं. ते वाया गेलं नाही. भांडण झालं की आज आपण होऊन पहिलं पाऊल मी टाकते. समोरचा मला झिडकारेल असं मला वाटत नाही. हे मी त्या रात्री शिकले. माझ्या घाबरटपणाचं मूळ तुम्ही स्वतःकडे घेताय, तर याचंही घ्या.

आणि घाबरटपणाचं तरी सगळं का घ्यावं? दादा त्याच घरात वाढला. अबोला पडला की तो सरळ खेळायला निघून जायचा, परत येऊन गाढ झोपायचा. थॉमस आणि चेस या मानसोपचारतज्ज्ञ दांपत्याने १९५६ पासून न्यूयॉर्कमध्ये १३३ मुलांच्या वाढीच्या नोंदी वर्षानुवर्षं ठेवल्या. मुलं जन्मतःच वेगवेगळ्या स्वभावाची असतात, आणि प्रश्न असतो तो त्या स्वभावाचं आईबापांच्या रीतीशी किती जमतं याचा, असं त्यांचं म्हणणं. मी हळवी जन्मले होते. तुमचं गप्प राहणं दादाला खरचटलं नाही, मला लागलं.

आई, तुला वाटेल माझ्याबद्दल काहीच नाही. तू आम्हा दोघांना रडलो की लगेच उचलायचीस, आणि घरातलं वडीलधारं प्रत्येक माणूस तुला सांगायचं, "हाताची सवय लावू नकोस, डोक्यावर बसतील." हे तूच मला चिऊच्या वेळी सांगितलंस, अजूनही थोडं अपराधी वाटून. ते वाटणं आता सोडून दे. १९७२ मध्ये सिल्व्हिया बेल आणि मेरी एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञांनी २६ घरांमध्ये वर्षभर जाऊन केलेली निरीक्षणं प्रसिद्ध झाली. सुरुवातीच्या महिन्यांत ज्यांच्या रडण्याला चटकन प्रतिसाद मिळाला, ती बाळं वर्षाअखेरीस जास्त नाही, कमी रडत होती. त्यावर पुढे वादही झाले, पण तुला ऐकवणाऱ्यांकडे तेवढाही आधार नव्हता. तू कुणाचंही न ऐकता उचललंस, त्याबद्दल मी तुझे पाय धरते.

आता चिऊचं सांगते. गेल्या महिन्यात तिने माझ्या कामाच्या कागदांवर रंग सांडला. मी ओरडले नाही. गप्प झाले. बाबा, तुमचा तो चेहरा माझ्या चेहऱ्यावर आलेला मला आतून कळत होता आणि तो हटवता येत नव्हता. पाच मिनिटं गेली असतील. चिऊ आली, दोन्ही तळव्यांनी माझं तोंड आपल्याकडे वळवलं आणि म्हणाली, "आई, तू आत आहेस ना?" मग मात्र मी तिला मांडीवर घेतलं आणि सांगितलं की आई कागदांमुळे वैतागली होती, चिऊवर चिडून गप्प बसायला नको होतं. दिवा चालू असताना, ती टक्क जागी असताना सांगितलं.

एक मागायचं आहे. मेरी मेन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८० च्या दशकात मोठ्या माणसांना त्यांच्या बालपणाबद्दल विचारायला सुरुवात केली. त्यांना दिसलं की बालपण कठीण गेलेल्यांतलेही जे त्याविषयी आडपडदा न ठेवता, सलग बोलू शकतात, त्यांची मुलं बहुधा त्यांच्यापाशी निर्धास्त असतात. आजोबांबद्दल तुम्ही कधीच बोलत नाही, बाबा. आत्या एकदा बोलून गेली होती की रागावले की ते महिना महिना घरात कुणाशी बोलत नसत.

मी रविवारी चिऊला घेऊन येते आहे. गुडघ्यांचा विषय आईशी वेगळा बोलू. तुम्ही मला आजोबांचं सांगा. त्या महिन्याचे तीन दिवस तुम्ही कसे केलेत, ते मला तुमच्या तोंडून ऐकायचं आहे.

तुमची,
छोटी