मनू, जागरणाबद्दल लिहिणार नव्हते

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "हे डोकंच माझं नाही, बाकीचे सगळे पोटातूनच शिकून आलेत, मी कॉम्प्युटरचा कोर्स सोडते." मी तोंड उघडलं तर "आई, तुला काय कळतंय त्यातलं" म्हणून फोन ठेवलास. राग नाही आला. म्हणजे आला थोडा. पण नंतर तुझा नुसता "सॉरी" आला, पहाटे सव्वातीनला, तो काही मनातून जात नाही. जागरणाबद्दल या पत्रात अक्षर लिहायचं नाही असं ठरवून बसले आहे, तेव्हा तो विषय इथेच संपला.

पहिल्या वर्षाची पुस्तकं तू इथेच टाकून गेलीस. त्यातलं एक वाचायला घेतलं. सगळं कळलं असं नाही, पण लूपचं, म्हणजे तेच काम पुन्हापुन्हा करायला सांगण्याचं, पान वाचून हसूच आलं. हे तर माझं विणकामच. दोन सुलट, दोन उलट, ओळ संपेपर्यंत. सुई फिरवून पुन्हा तेच, काखेपर्यंत. एवढ्यासाठी तुम्ही पानभर लिहिता? आणि ते कमिट की काय, इथवरचं काम जपून ठेवायचं ते. अवघड जाळी सुरू करायच्या आधी, जिथवर सगळं बिनचूक आहे त्या ओळीच्या टाक्यांतून मी वेगळ्या रंगाचा दोरा ओवून ठेवते, आठवतं? पुढे टाका निसटला तर त्या दोऱ्यापर्यंतच उसवायचं. अख्खा स्वेटर उसवायचा नाही. (हे मी कोर्सबद्दल म्हणत नाहीये. बरं, म्हणतेय.)

दादाच्या पिवळ्या स्वेटरची नक्षी सरकली होती तेव्हा मी खालपासून एकेक ओळ तपासत बसले होते. तू जेमतेम माझ्या कमरेएवढी. म्हणालीस, "मधली ओळ बघ ना. ती बरोबर असेल तर चूक वर आहे, नसेल तर खाली." एका ओळीत नक्षी घसरली की वरच्या सगळ्याच घसरतात, म्हणून ते चाललं. मग उरलेल्याचा मध्य, मग त्याचाही मध्य. शंभर ओळी असत्या तरी सात वेळा बघून चूक सापडली असती. तुझ्या पुस्तकात याला बायनरी सर्च म्हणतात आणि पाठीमागे त्यावर स्वाध्याय आहे. तुला तो कोणी शिकवला नव्हता. मी तेव्हा शेजारीपाजारी सांगत सुटले होते, तुला आवडलं नव्हतं ते.

माग तर तुमच्या यंत्रांचा पूर्वजच निघाला. जॅकार्डने १८०४ साली भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांवर चालणारा माग केला: भोक असेल तिथे ताण्याचा धागा उचलला जाणार, नसेल तिथे नाही. १८३९ मध्ये जॅकार्डचंच चित्र तशा मागावर रेशमात विणलं, त्याला सुमारे चोवीस हजार पत्ते लागले. चार्ल्स बॅबेजकडे त्याची एक प्रत होती, आणि आपल्या गणनयंत्रासाठी पत्त्यांची युक्ती त्याने मागावरूनच उचलली. १८४३ मध्ये एडा लव्हलेसने लिहिलं की माग जशी फुलंपानं विणतो तसं हे यंत्र बीजगणिताची नक्षी विणेल. पुढेमागे संगीतही रचू शकेल, असंही तिला वाटत होतं. यंत्र तर पुरतं बांधून झालंही नव्हतं.

रिकर्शनमध्ये तू नापास झालीस ते बाबांना अजून सांगितलेलं नाही. पण हे मला त्यांच्याचमुळे समजलं. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. चार मात्रांची ओळ किती तऱ्हांनी भरेल? शेवटचं अक्षर लघू असेल तर आधी तीन मात्रा उरल्या, गुरू असेल तर दोन. म्हणजे तोच प्रश्न, फक्त लहान. हेच तुमचं रिकर्शन. तीनच्या तीन तऱ्हा, दोनच्या दोन, मिळून पाच. पाच मात्रांच्या आठ, सहाच्या तेरा. जैन पंडित हेमचंद्राने हे बाराव्या शतकात लिहून ठेवलं आहे, फिबोनाची या इटालियन गणितज्ञाच्या १२०२ च्या पुस्तकाआधी. तू बाबांच्या मांडीवर टाळ्या वाजवत हेच करायचीस. शेवटचं अक्षर धर आणि मागे जा, बास. पुढच्या परीक्षेत आधी सगळ्यात लहान उदाहरण कागदावर सोडव, मग कीबोर्डला हात लाव, आणि वही नीट ठेव, आणि... झालं माझं सुरू. माफ कर. शिकवायला बसले नव्हते.

एवढंच आणखी. तुमचा तो डाइक्स्ट्रा, सर्वांत जवळचा रस्ता काढणारा. १९५६ साली होणाऱ्या बायकोबरोबर ॲमस्टरडॅममध्ये खरेदी करून दमला, कॉफी प्यायला टेकला आणि वीसेक मिनिटांत ती रीत त्याला सुचली. जवळ कागद-पेन्सिलही नव्हती. नसल्यामुळेच ती इतकी सुटसुटीत झाली, असं तो पुढे सांगायचा. तो टेकला होता, मनू. पहाटे सव्वातीनला स्क्रीनकडे बघत नव्हता.

नंदामावशीचं त्या वर्षी काय झालं ते तुला माहीत आहे. तीही "जरा जागतेय, एवढंच" म्हणायची. मी तुझी तुलना करत नाही. डोळे तिच्यासारखे आहेत तुझे, म्हणून आठवतं.

कोर्स सोडायचा असेल तर सोड. बाबांशी मी बोलेन, फीचं आम्ही बघू. पण सलग चार रात्री झोपून मग ठरव. आणि सोडलास तरी, डोकं तुझं नाही असं मात्र म्हणू नकोस. ते कोणाचं आहे ते मी पाहिलेलं आहे.

दादा पुढच्या आठवड्यात तिकडे येतोय. त्याच्याशी भांडू नकोस, त्याला मी काही सांगितलेलं नाही. निळी लोकर आणली आहे, मान आणि पाठ झाली. खांद्यापासून मनगटापर्यंतचं माप पाठव, बाह्या अडल्या आहेत.

तुझी,
आई