उत्सवी नाटकाचे मोजमाप बक्षिसांनी होऊ नये

महोदय,

गोव्यातील हौशी मराठी रंगभूमीविषयी अलीकडे वृत्तपत्रांतून जे लेखन येते, त्यात हौशी नाटक म्हणजे स्पर्धेचे नाटक, असे जणू गृहीतच धरलेले दिसते. कोणत्या संस्थेने कोणते नाटक सादर केले, कोणाला कितवे पारितोषिक मिळाले, नेपथ्यात काय उणे राहिले, याची चर्चा होते आणि ती व्हायलाही हवी. परंतु देवळाच्या प्राकारात किंवा मांडावर, म्हणजे गावाने एकत्र जमण्याच्या जागी, पालखी आत गेल्यानंतर गावचीच माणसे गावच्याच माणसांपुढे जे नाटक उभे करतात, त्याची दखल या चर्चेत कोठेच घेतली जात नाही. फोंडा तालुक्यातील एका गावच्या नाट्यमंडळात मी वयाच्या चौदाव्या वर्षापासून काम करीत आहे आणि आज त्याचा कार्यवाह आहे, म्हणून हे पत्र लिहिण्याचे धाडस करतो.

मराठी रंगभूमीचा आरंभ आपण विष्णुदास भावे यांनी 1843 साली सांगलीत केलेल्या प्रयोगापासून मानतो. गोव्याच्या खेड्यात मात्र नाटक आले ते देवळाच्या वाटेने. सत्तरीतले रणमाले, पेडण्याकडचे दशावतारी, ठिकठिकाणच्या जत्रांतला काला ही लोकनाट्यांची परंपरा आधीच रुजलेली होती आणि लोकांना रात्रभर बसून पाहण्याची सवय होती. त्याच भूमीत डोंगरी गावच्या कृष्णंभट्ट बांदकर यांनी एकोणिसाव्या शतकात रामनवमीच्या उत्सवासाठी पदे आणि नाटके रचली. तिकीटबारी नव्हती आणि व्यवसायाचा विचारही नव्हता. देवापुढे करायची सेवा म्हणून ते नाटक लिहिले गेले.

फोंडा भागात हे बीज अधिक जोमाने वाढले, त्यालाही इतिहास आहे. पोर्तुगीजांनी तिसवाडी, बारदेश, सासष्टी येथील देवळे पाडली तेव्हा अनेक देवता सीमा ओलांडून याच भागात आणल्या गेल्या. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला आला तो असाच. पुढे हा मुलूख पोर्तुगीजांच्या ताब्यात गेला, तरी येथील देवळे आणि उत्सव टिकून राहिले. 1910 साली पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आल्यावर गोव्यातील हिंदूंना अधिक मोकळीक मिळाली आणि गावोगावची नाटके उघडपणे बहरली. मंगेशीच्या याच परिसरात 1900 साली जन्मलेल्या दीनानाथ मंगेशकरांनी 1918 मध्ये बळवंत संगीत मंडळी काढली, हे सर्वांना माहीत आहे. माझे लक्ष मात्र नेहमी त्या दुसऱ्या माणसांकडे जाते, जी उत्सवाच्या रात्री राजा किंवा सेनापती झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जोत घेऊन शेतावर गेली. त्यांनी गाव सोडला नाही, म्हणून गावात नाटक राहिले.

या नाटकाने काय साधले, याचा एक पुरावा माझ्या घरात आहे. माझ्या वडिलांची एक नक्कल, म्हणजे त्यांच्या एकट्याच्या भूमिकेची वही, मी जपून ठेवली आहे. तीत फक्त त्यांची भाषणे आहेत आणि प्रत्येक भाषणाआधी समोरच्या पात्राचे शेवटचे तीन-चार शब्द. रॉकेलच्या दिव्याने कडा काळवंडल्या आहेत. सबंध वहीत जेथे जेथे शब्दाच्या अखेरीस काना येतो, तेथे त्याखाली तांबड्या पेन्सिलीने रेघ ओढलेली आहे: आला, राजा, घोडा, माझा. लहानपणी मला याचा अर्थ कळला नव्हता. पुढे वडिलांनीच सांगितले की घरात आमची बोली कोंकणी, त्यामुळे तालमीत तोंडातून ‘आयलो’ आणि ‘घोडो’ निघून जाई; तालीममास्तरांनी ती रेघ ओढून दिली होती, की येथे सांभाळ, येथे काना आहे. वडील शाळेत दोनच वर्षे गेले होते. पोर्तुगीज राजवटीत आमच्यासारख्या खेड्यात मराठीचे शिक्षण मिळायचे ते एखाद्या पंतोजीच्या खाजगी शाळेत, तेही घरच्यांना परवडले तर. बाकीचे मराठी वाचन माझे वडील त्या वहीतून शिकले. त्यांच्याबरोबरच्या दोघांना तर अक्षरओळखही नव्हती. त्यांनी ऐकून ऐकून भूमिका पाठ केल्या, आणि त्यातले एक पुढे आपली नक्कल स्वतः लिहून घेऊ लागले. कोंकणी आणि मराठी यांवरून गोव्यात कितीही वाद झाले तरी आमच्या गावाने या दोन्ही भाषा एकाच रात्री सांभाळल्या: रंगपटात कोंकणी आणि पडदा वर गेला की मराठी.

अर्थात सारेच गोड होते असे मी म्हणणार नाही. सुरुवातीच्या काळात मंडळात सगळ्या वाड्यांना जागा नव्हती. काहींनी नाटक दुरूनच पाहायचे, असा रिवाज होता. स्त्रियांच्या भूमिका पुरुष करीत आणि गावातल्या मुलीने रंगमंचावर उभे राहणे ही गोष्ट कोणाच्या कल्पनेतही नव्हती. गोवा मुक्त झाल्यानंतर, शाळा आल्या, तरुण एकत्र शिकू लागले, तेव्हा हे हळूहळू बदलले. मंडळाने पहिल्यांदा सर्व वाड्यांतून पात्रे घेतली त्या वर्षीच्या तालमींना मी लहान मूल म्हणून बसत असे. त्या वर्षी कोणाच्या घरी चहा प्यायचा, यावरून चार दिवस कुजबुज चालली आणि पाचव्या दिवसापासून सगळे सगळीकडे पिऊ लागले. आमच्या मंडळाचे ध्येय मला विचाराल तर ते त्या पाचव्या दिवशी ठरले, असे मी मानतो. ते कोणत्याही घटनेत लिहिलेले नाही.

म्हणूनच आज जे घडते आहे, त्याची मला काळजी वाटते. कला अकादमीची स्थापना 1970 साली झाली आणि तिच्या नाट्यस्पर्धांनी गोव्याच्या हौशी कलाकाराला खूप काही दिले. संहिता कशी वाचावी, प्रकाशयोजना कशी करावी, दिग्दर्शकाचे काम नेमके काय, हे आम्ही स्पर्धेतूनच शिकलो. ते ऋण मी मान्य करतो. परंतु स्पर्धेचे नाटक निवडताना थोडी, पण कसलेली पात्रे पाहिली जातात, आणि उत्सवाच्या नाटकात पात्रे जितकी अधिक तितकी घरे गुंततात. आमचे जुने नाटकवाले मुद्दाम दरबार असलेले ऐतिहासिक किंवा पौराणिक नाटक निवडीत, ते यासाठी. भालदार, चोपदार, द्वारपाल, चार सैनिक, दोन दासी: यांना दोन वाक्ये असतात किंवा तीही नसतात, पण प्रत्येकाच्या घरची माणसे संध्याकाळीच चटई अंथरून पुढची जागा धरतात. आमच्याकडे एक गृहस्थ सलग अठरा वर्षे चोपदार होते. ‘निगा रखो’ एवढेच त्यांचे भाषण, तरीही ते एकही तालीम चुकले नाहीत, आणि त्यांची काठी आजही मंडळाच्या पेटीत आहे. कोणत्याही परीक्षकाच्या गुणपत्रिकेत या माणसासाठी रकाना नाही आणि परीक्षकाने तो ठेवावा असेही नाही. माझे म्हणणे एवढेच की त्या गुणपत्रिकेने उत्सवाचे नाटक तोलू नये.

दुर्दैवाने गावेही आता तेच माप लावू लागली आहेत. नाटक ‘दर्जेदार’ व्हावे म्हणून प्रमुख भूमिकांसाठी बाहेरचे कलाकार मानधन देऊन आणले जातात, ते दोन-तीन तालमींपुरते येतात, आणि गावच्या मुलांच्या वाट्याला खुर्च्या मांडणे उरते. याच कारणाने गेल्या उत्सवात एका नाटकाची पात्रसंख्या सहावर आली. ते नाटक देखणे झाले, पण मध्यंतरानंतर समोर फारशी माणसे नव्हती. दुसरी अडचण वेळेची आहे. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही. वर्षातील पंधरा दिवसांपर्यंत मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. नियम योग्यच आहे, गावात आजारी आणि वृद्ध माणसे असतात. तीन अंकी नाटक त्यात बसवायचे तर पडदा सात वाजता वर जायला हवा. तो जात नाही, कारण आधी दीपप्रज्वलन, पाहुण्यांची भाषणे आणि सत्कार यांत दीड तास जातो, आणि मग कात्री चालते ती याच द्वारपाल-चोपदारांच्या प्रवेशांवर. उत्सव समित्यांनी सत्कार वेगळ्या दिवशी करावेत, ही माझी कळकळीची विनंती आहे.

आपल्या दैनिकाकडेही एक मागणे आहे. जत्रांच्या हंगामात आपण उत्सवांच्या बातम्या छापता, त्यात ‘रात्री नाट्यप्रयोग झाला’ या एका ओळीऐवजी गावातील किती जणांनी काम केले, कोण पहिल्यांदा उभे राहिले, संहिता कोणी लिहिली, पडदे कोणी रंगवले, हे चार ओळींत यावे. स्पर्धेच्या परीक्षणासारखे परीक्षण नको, नोंद हवी. अनुदान देणाऱ्या सरकारी यंत्रणेनेही केवळ स्पर्धेतला सहभाग न पाहता गावात दरवर्षी उभे राहणारे नाटक पाहावे.

आमच्या मंडळाने यंदा ठरवून मोठे ऐतिहासिक नाटक घेतले आहे. पात्रे सत्तावीस आहेत, सगळी गावची, आणि दसऱ्याला नारळ वाढवून तालमी सुरू होतील. सहा मुली आहेत, त्यांतील दोघी पहिल्यांदाच काम करीत आहेत. एका द्वारपालाची जागा अजून भरायची आहे. नोकरीसाठी पणजी-वास्कोला राहणाऱ्या आमच्या गावच्या कोणी हे पत्र वाचले, आणि त्याला शनिवार-रविवार येणे जमणार असेल, तर त्याने मंडळाच्या खोलीवर निरोप ठेवावा.

आपला,
एका गावच्या नाट्यमंडळाचा कार्यवाह,
फोंडा, गोवा